वदिना, आपली कलगूर

वदिना, तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे.

परवा सकाळी कमलाबाई भाजीवाली टोपली घेऊन दारात आली. मध्ये ती गावाला गेली होती, त्यामुळे तिला काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तशी ती पायरीवर टेकली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "लय गोड बोलत जाय तुमची ईन. मले म्हने, कमला, वांगे काहून असे निबर आनले? मी म्हनो, बाई, पानी कुठी हाय यंदा? तं म्हने, पानी नाई तं भाव काहून चढवून राह्यली? वरून सांबार फुकट घेत जाय माह्याकडून."

मी विचारलं, "हे कोणत्या भाषेत बोलायच्या त्या?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुःखाने माझं डोकं फिरलंय. "कोनत्या म्हंजे? आपल्याच. पयले अटके थोडी. मंग माह्यावानीच बोले."

वदिना, इतकी वर्षं आपण एका ओट्यापाशी उभ्या राहिलो. मी मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. आणि तुम्हाला मराठी येतं हे मला फुकटच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीवरून कळावं? माझ्याशी तर तुम्ही शेवटच्या आठवड्यापर्यंत 'ईनबाई, नीळ्ळू झालं' असंच बोलत होता. पाणी संपलं, एवढं साधं वाक्य तुम्हाला येत होतं तर! मग माझ्याशी ते नाटक कशाला?

तुम्ही आलात तेव्हा मात्र नाटक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पैनगंगेपलीकडच्या तुमच्या गावात तेलुगूखेरीज काही कानावर पडलेलं नव्हतं. सुजाता लहानपणापासून राजूरला मामाकडे वाढली. मामा कोळशाच्या खाणीत. त्यामुळे तिला तेलुगू, हिंदी, मराठी सगळंच यायचं. नर्स झाली, यवतमाळच्या दवाखान्यात लागली, आमच्या प्रफुल्लशी लग्न केलं. पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी जायचं, ही रीत तुमच्यातही आणि आमच्यातही. पण ती वर्षं अशी की कापसाच्या गावांतून दवाखान्यात माणसं यायची थांबत नव्हती, आणि सुजाताला रजा मिळत नव्हती. मग माहेरच एक पिशवी आणि लोणच्याची बरणी घेऊन आमच्याकडे आलं. बाळंतपणापुरतं आलं आणि राहिलं.

पहिल्या दिवशी सुजाताने आपली ओळख करून दिली आणि ड्यूटीवर गेली. प्रफुल्लची जिनिंग त्याच सुमाराला बंद पडली होती. बाहेरून कापसाची चौकशी करायला येणाऱ्या लोकांची जीप तो चालवायचा, म्हणजे तोही दिवसभर गावोगाव. राहिलो आपण दोघी आणि निवडायची तुरीची डाळ; पुढे बाळही. तुमच्यात विहिणी एकमेकींना वदिना म्हणतात, एवढं सुजाताने जाता जाता सांगितलं होतं. मी ते उचललं. तुम्ही आमच्याकडचं ईनबाई उचललंत. गंमत म्हणजे मी तुम्हाला तुमच्या भाषेतून हाक मारत होते आणि तुम्ही मला माझ्या. आपल्या बोलीचा पाया तिथेच पडला असं मला वाटतं.

मग एकेक शब्द जमत गेला. पाणी तुमचं, मीठ माझं. दूध तुमचं, 'पालू'; साखर माझी. 'नाही' साठी तुमचा 'लेदू' जिंकला, कारण तुम्ही तो हात झटकून म्हणायचा. 'झालं' माझा. तो कशालाही लागायचा. 'बिड्डा निद्रा झालं', म्हणजे बाळ झोपलं. 'अन्नम झालं' म्हणजे भात शिजला किंवा संपला, ते पातेल्यात पाहून ठरवायचं. पुढे होणार असेल तर 'मग' लावायचं: 'सुजाता रा मग', सुजाता येईल. ज्या मराठीची तीन लिंगं शिकवताना मी पोरांना रडकुंडीला आणलं, तिचं एकही लिंग मी या ओट्यावर शिल्लक ठेवलं नाही. अहो-जाहोसुद्धा गेलं. तुम्ही मला सरळ 'नुव्वू' म्हणायचा. व्याह्यांच्या घरात कुणी विहिणीला अरे-तुरे केलं असतं तर मांडवात भांडण झालं असतं.

मला या प्रकाराचं कुतूहल वाटायला लागलं ते शबानाभाभीमुळे. शेजारच्या गॅरेजवाल्यांची ती बायको. एकदा भिंतीवरून आपलं बोलणं ऐकून म्हणाली, "ये क्या, कोडवर्ड है क्या तुम दोनोंका? हमारे गॅरेज के पोट्टे भी ऐसेच बोलते." तिच्या पोट्ट्यांचं मला माहीत होतं. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते त्याच्या तोंडावर 'ग्रीस' म्हणायचे आणि गिऱ्हाईक समजायचं की गाडीत ग्रीस कमी आहे. पण ते बोलणं यवतमाळचं हिंदीच होतं. वाक्य तेच, फक्त चार शब्द आपसातले, बाहेरच्याला कळू नये म्हणून. आपलं उलट होतं. कळावं म्हणूनच तर सगळी मारामार.

मी कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून पुस्तकं आणली. तुम्ही हसायचा, म्हातारपणी चष्मा लावून काय शोधते म्हणून. त्यात मला ते शब्द सापडले. पिजिन म्हणजे ज्यांची भाषा एक नाही अशी माणसं कामासाठी एकत्र आली की बंदरावर, मळ्यात, बाजारात जी तुटपुंजी बोली तयार होते ती. शब्द थोडे, नियम थोडे. पण नियम असतात, वाटेल तसं बोलून चालत नाही. आणि मुख्य गोष्ट, ती कुणाचीच मायबोली नसते. प्रत्येकाची खरी भाषा घरी असते, ही फक्त कामावर.

मी पुढे वाचत गेले तशी तुम्हाला सांगत गेले. तुम्ही विचारलंत की सुजाता तिच्या मामेबहिणीशी फोनवर बोलते ते काय मग? अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी, मध्येच मराठी. प्रश्न फार चांगला होता. अर्थात तुम्ही तो 'सुजाता फोन, एंटि?' एवढ्यातच विचारला होता. मी सांगितलं की तिला सगळ्या भाषा येतात, म्हणून ती हवं तेव्हा हवी ती घेते. तेच जर पिढ्यान्‌पिढ्या मुरलं, एकीची क्रियापदं आणि दुसरीची नामं अशी घडी कायमची बसली, तर त्याला मिश्रभाषा म्हणतात. ती दोन्ही भाषा येणाऱ्या माणसांची निर्मिती. पिजिन ही दोन्ही न येणाऱ्यांची. हे तुम्हाला समजवायला मला अख्खी दुपार लागली, कारण समजवायला आपल्याजवळ पिजिनच होतं.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "नुव्वू तेलुगू लेदू. मी मराठी लेदू. मंचि." तुला तेलुगू नाही, मला मराठी नाही, चांगलं आहे. त्या 'चांगलं' वर मी तेव्हा विचार केला नाही.

एक गोष्ट मला आजही नवलाची वाटते. आपलं बाळ, मीनू, वर्षाची होती, तिला खोकला होता. सुजाता रात्रपाळी करून आली आणि तुम्ही तिला दारातच कौतुकाने सांगितलंत, 'बिड्डा औषध झालं.' पोरगी उंबऱ्यातच थबकली. विष पिऊन आलेल्यांच्या तिच्या वॉर्डात रात्रभर हाच शब्द होता. आमच्या भागात फवाऱ्याच्या विषालाही औषधच म्हणतात. तुमच्या तेलुगूतही दोन्हीला 'मंदु'. सुजाता खाली बसली आणि हळू आवाजात तिने आधी तुम्हाला, मग मला सांगितलं की घरात हा शब्द नको. तुमच्यातलाही नको, आमच्यातलाही नको.

दुसऱ्या दिवसापासून खोकल्याच्या औषधाचं नाव 'चमचा' पडलं. 'मीनू चमचा झालं.' पुढे माझ्या बीपीच्या गोळ्याही चमचाच झाल्या. फवाऱ्याचं ते 'डबडं'. तुमच्या गावाकडच्या भावाच्या शेताची गोष्ट निघाली की 'डबडं' म्हणायचा. वदिना, दोन एवढ्या मोठ्या भाषा, त्यांच्यात केवढी साहित्यं, आणि जीव वाचवणारं आणि जीव घेणारं यांना दोघींनीही एकच शब्द ठेवला होता. आपल्या मूठभर शब्दांच्या बोलीने ते वेगळे केले. तुटपुंजी म्हणतात तिला. मी पुस्तकाच्या समासात प्रश्नचिन्ह काढलं.

मग मीनू बोलायला लागली, आणि खरी पंचाईत झाली.

दिवसभर ती आपल्या दोघींत. आई ड्यूटीवर नाहीतर झोपलेली, बाप जीपवर. ती आपलीच बोली बोलायला लागली, पण आपल्यापेक्षा जास्त. आपण सगळं 'झालं' वर भागवत होतो. तिने आत्ता झालेलं आणि मागे कधीतरी झालेलं वेगळं करून टाकलं, कसं ते आपल्या लक्षात यायलाही वेळ लागला. लांबच लांब वाक्यं बोलायची. 'अम्मम्मा अन्नम दे म्हणून मीनू रा, पण अम्मम्मा निद्रा'. अम्मम्मा म्हणजे तुम्ही, आईची आई. हे 'म्हणून' आणि 'पण' आपण कधी वापरलेच नव्हते. पुस्तकात याला क्रिओल म्हणतात. पिजिन ऐकत मुलं वाढली की तेच त्यांचं पहिलं बोलणं होतं, आणि मग ती मुलं त्यात जे नसेल ते भरून काढतात. कामापुरती बोली कुणाचीतरी मायबोली होते. अर्थात प्राध्यापक हसले. म्हणाले, दोन आज्या आणि एक नात यांना भाषिक समाज म्हणत नाहीत. खरंच आहे. पण मीनूला हे कोण सांगणार?

अंगणवाडीच्या बाईंनी सुजाताला सांगितलं, "पोरगी हुशार हाय, पन बोलते ते कोनालेच समजत नाई." नागपूरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मूल गोंधळलंय, घरात एकच भाषा ठेवा. सुजाता रडली. तिला वाटलं, आपण नोकरी धरली म्हणून पोरीची जीभ गेली. शाळेत कोण घेणार, चार पोरं हसतील, हीच तिची भीती होती. खोटी नव्हती ती.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मीनूशी बोलणंच सोडलंत. तुम्हाला मराठी येत नव्हतं, तेलुगू चालणार नव्हतं, आणि आपली बोली तर आजारच ठरली होती. मग राहिलं काय? तुम्ही तिला जेवू घालायचा, वेणी घालायचा, थोपटायचा, सगळं मुक्याने. मी शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचे. मीनू आपल्या दोघींकडे आळीपाळीने पाहायची आणि मग तीही गप्प झाली. पूर्ण गप्प. भूक लागली तरी बोट दाखवायची. घरात नुसता कुकरचा आवाज.

किती दिवस काढले ते आठवत नाही. एका सकाळी मला सहन झालं नाही. तुम्ही चहा गाळत होता, मी मोठ्याने म्हणाले, "वदिना, पालू लेदू, टी काळा झालं!" तुम्ही गाळणी धरून तशाच उभ्या. आणि पाळण्याच्या दोरीशी बसलेली मीनू खुदकन हसली आणि सुटलीच. जे साठलं होतं ते सगळं बोलून मोकळी झाली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून डोळे पुसलेत. सुजाता आतून उठून आली आणि दारात उभी राहून ऐकत राहिली. त्यानंतर तिने डॉक्टरांचं नाव काढलं नाही. मीनू पुढे शाळेत गेली, आणि पोरांच्यात राहून दिवाळीच्या आत वऱ्हाडी फाडफाड बोलायला लागली. शबानाभाभीच्या अंगणातून हिंदीही घेऊन आली. घरातली बोली घरात राहिली.

पण आपलं भांडण तिथून जे सुरू झालं ते संपलं नाही. मी म्हणायचे, ही भाषा आहे. तुम्ही म्हणायचा, कसली भाषा, ही 'कलगूर'. पाच पालेभाज्या एकत्र शिजवलेली भाजी. उरलंसुरलं संपवायला करतात ती. आपण दोघी गेलो की ही गेली. मीनू मोठी होईल, नवऱ्याच्या घरी जाईल, हसेल आपल्यावर. तुम्ही हे हसत सांगायचा, पण मला लागायचं. कारण तुमचं खरं होतं. पिजिनचं असंच होतं, पुस्तकातही तेच आहे. माणसं एकमेकांची भाषा शिकली की तिची गरज संपते आणि ती मरते.

आणि आता कमलाबाई सांगते की तुम्ही मराठी शिकला होता. मी तिला पुन्हा विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "मीनू लहान व्हती तवापासून. एक डाव आली अन् म्हने, कमला शिकव, नात बोल मराठी. हात जोडले माह्यापुढं. मंग मी रोज दोन शब्द सांगत जाय भाजी मोजता मोजता."

म्हणजे त्या मुक्या दिवसांत, वदिना. मला वाटलं तुम्ही रागावून गप्प आहात. तुम्ही दारात बसून नातीसाठी भाषा शिकत होता. मला विचारलं असतंत तर मी नसती का शिकवली? पण तुम्ही मला का विचारलं नसेल, याचा अंदाज मी करू शकते. मास्तरणीसमोर चुकायला कुणाला आवडतं? आणि पुढे मीनूला त्याची गरज उरली नाही, तेव्हा ते मराठी तुम्ही कमलापुरतं ठेवलंत.

तर गरज संपली होती. तुमच्याकडून तरी. मग आपण का बोलत राहिलो?

आता माझंही सांगते, नाहीतर हा अन्याय होईल. मला तेलुगू कळायला लागलं होतं. फार नाही, पण कळायचं. तुम्ही भावाशी फोनवर बोलायचा तेव्हा मी ओट्याशी भांडी घासायचे आणि ऐकायचे. तुमचा भाऊ म्हणायचा, परत ये, लेकीच्या घरी किती दिवस राहायचं. एकदा तुम्ही त्याला म्हणालात, इथे मला बोलायला माणूस आहे. ते वाक्य मला पूर्ण कळलं. मी नळ जास्त सोडला आणि तुम्हाला वाटू दिलं की मला काही ऐकू आलं नाही. तुम्हाला कधी सांगितलं नाही की मला कळतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आपण नीट तेलुगूत नाहीतर नीट मराठीत बोलायला लागलो असतो, दोन सभ्य विहिणींसारख्या. मग त्यात अहो-जाहो आलं असतं, मानपान आला असता. तुम्ही माझ्या घरी राहता हे आलं असतं. तुमच्या पूजा आणि आमची बुद्धवंदना आली असती. ते सगळं आपल्या बोलीत नव्हतं. शब्दच नव्हते त्याला. मला वाटतं तुम्हालाही हेच हवं होतं. वाटतं. विचारायला तुम्ही नाही.

तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. दवाखान्यात शेवटी सुजाताशी तेलुगूत बोललात, ते तसंच व्हायला हवं होतं. मला पाहून फक्त हात हलवलात. मला राग नाही, पण एक शब्द चालला असता.

घर फार शांत झालं. आठ महिन्यांपूर्वी मीनूला भाऊ झाला, तुम्हीच त्याला पहिली अंघोळ घातलीत. त्याच्याशी आता काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. दुसरं माणूस नसताना ती बोली मी एकटी कशी बोलू? मी ठरवलं, याच्याशी सरळ मराठी. तुमचं म्हणणं खरं धरलं. दोघींतली एक गेली, बोली गेली. सुजाताला तसं सांगितलं.

काल दुपारी मी आत पडले होते. मीनू शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि भावाजवळ बसली. आणि बोलायला लागली. मराठी नाही, हिंदी नाही. बाळ हुंकार देत होतं आणि ती त्याला आपल्या बोलीत काहीतरी लांबलचक सांगत होती, शाळेचं असावं, एका मुलीने डबा कसा सांडला त्याचं. त्यातले निम्मे शब्द आपले होते. निम्मे आपण कधी म्हटले नव्हते. तरी मला सगळं कळलं.

मी उठून तिच्याजवळ बसले. बाळाचा हात धरला आणि फार दिवसांनी तोंड उघडलं. तुम्ही रोज दुपारी मीनूला म्हणायचा तेच म्हणाले, 'बिड्डा निद्रा मग', अगदी तुमच्यासारखं.

मीनूने माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. समजावून सांगावं तशी म्हणाली, "आजी, असं नसते म्हनत. तो शिकन ना मंग चुकीचं." आणि बरोबर कसं म्हणायचं ते तिने मला सांगितलं.

वदिना, इतक्या वर्षांत आपण एकमेकींची चूक कधी काढली नाही. काढता येत नव्हती, बरोबर काय ते दोघींनाही माहीत नव्हतं. आणि ही शाळेच्या गणवेशात बसलेली पोरगी मला सांगते की ते बोलणं असं नसतं, असं असतं. जन्मभर मी पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढल्या. कुणी माझं वाक्य दुरुस्त केलं आणि मला असं भरून आलं, असं पहिल्यांदाच झालं.

तुम्ही भांडण हरलात. हे तुम्हाला सांगायला मी ओट्याकडे वळलेसुद्धा. मग पुन्हा खाली बसले आणि मीनूने सांगितलं तसं म्हणून पाहिलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आता बराबर."